मामंजींचा नेम

घरांतील वडील माणसाच्या दुखण्याविषयीं बोलण्याची आपली एक ठराविक रीत आहे. दुखणें कोणतें, डॉक्टर कोण, खर्च किती आणि रुग्णाजवळ बसावयाचें कोणीं, या चार प्रश्नांचा निकाल लागला कीं सर्व कांहीं ठरलें असें आपण समजतों. त्या अवयवाचें त्या माणसास काम तरी काय पडतें, हा पांचवा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. घसा सर्वांसच असतो. पण गवयाचा घसा बसला तर गोष्ट निराळी होते. गुडघे सर्वांचेच दुखतात. पण मांडी घालून चार चार तास पाठ म्हणणाऱ्या भिक्षुकाचे दुखूं लागले म्हणजे तें त्याच्या पोटावर येतें. गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें जें पत्र आलें, त्यांत हा पांचवा प्रश्न तिनें आपण होऊन विचारला आहे. म्हणून या वेळचीं पानें त्या पत्रासच देत आहों.

पत्राचा मथितार्थ असा. या बाई एकत्र कुटुंबांतील थोरल्या सून. त्यांचे मामंजी ६६ वर्षांचे असून नोकरींतून निवृत्त झाले आहेत. तीस वर्षें ते आठवड्यांतून दोनदां रायफल क्लबांत जाऊन हवेच्या पिस्तुलानें नेमबाजी करितात. त्यांच्या उजव्या डोळ्यांत, म्हणजे नेम धरावयाच्याच डोळ्यांत, मोतीबिंदु झाला आहे. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया सुचविल्यास वर्ष होऊन गेलें. परंतु आधीं नातवाची मुंज, मग गणपति, मग थंडी, अशीं निमित्तें निघत आहेत. मुलगे म्हणतात, ‘पैशाकडे पाहूं नका, बाजारांतलें सर्वांत भारी भिंग बसवूं.’ सासूबाई म्हणतात, ‘या वयांत हातीं जपमाळ असावी, पिस्तूल कशाला?’ मामंजी दोघांसही उत्तर देत नाहींत. एके दिवशीं मात्र ते सुनेस म्हणाले, ‘सूनबाई, आंधळा होईन असें भय मला नाहीं. माशी दिसेनाशी होईल, याचें आहे.’ बाई लिहितात, ‘माशी म्हणजे काय, हेंही मला ठाऊक नव्हतें. मी त्यांना काय सांगूं?’

प्रथम ही माशी काय तें पाहूं. पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशीं एक लहानसा उभा खुंट असतो, त्यास माशी म्हणतात. मागल्या अंगास मुठीच्या वर एक पट्टी असून तींत चौकोनी खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, तिच्या दोहों बाजूंस सारखा उजेड, दोहोंचे माथे एका रेषेंत, आणि ही जोडी लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाखालीं, असें जुळून आलें म्हणजे नेम धरला. लक्ष्य १० मीटरांवर असतें आणि त्यांतील दहा गुणांचें वर्तुळ ११.५ मिलीमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढें. हात एकच, तोही लांब केलेला आणि आधारावांचून.

आतां यांतील खुबी अशी कीं, खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वस्तु तीन निराळ्या अंतरांवर आहेत, आणि डोळा एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्वच्छ पाहूं शकतो. मग यांपैकीं स्वच्छ काय दिसावें? नवशिका लक्ष्याकडे पाहतो. मुरलेला नेमबाज माशीकडे पाहतो आणि लक्ष्य धूसर राहूं देतो. याचें कारण साध्या त्रैराशिकांत आहे. माशी व खाच यांमधील अंतर सुमारें एक फूट धरलें, तर माशी खाचेंत एक मिलीमीटर सरकल्यानें १० मीटरांवर गोळी सुमारें तीन सेंटिमीटर सरकते. उलट, धूसर लक्ष्याचा मध्य ओळखण्यांत एक मिलीमीटरची चूक झाली, तर ती एक मिलीमीटरचीच राहते. म्हणजे मामंजींचें भय पोरकट नाहीं. ज्या एका खुंटावर त्यांची तीस वर्षांची कला उभी आहे, तो दिसतो कीं नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आणि तो अगदीं शास्त्रीय प्रश्न आहे.

डोळ्याच्या बाहुलीमागें जें नैसर्गिक भिंग असतें तें तरुणपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. चाळिशीच्या सुमारास ही लवचिकता उणावते, आणि म्हणूनच आपण जवळच्या चष्म्यास ‘चाळिशी’ असें नांव दिलें. पुढें तें भिंग गढूळ होऊं लागतें, तो मोतीबिंदु. दिव्याभोंवतीं तेज पसरतें, पांढरें पिवळसर दिसूं लागतें, आणि काळ्या-पांढऱ्यांतील भेद फिका पडतो. नेमबाजाचें सारें काम पांढऱ्या कागदावरच्या काळ्या आकृतीशीं असल्यामुळें हा तोटा त्यास इतरांपूर्वीं जाणवतो.

कांहीं मोतीबिंदु मात्र आरंभीं मोठी खुशामत करितात. भिंगाचा मध्यभाग घट्ट झाला कीं डोळ्याची शक्ति जवळच्या अंगास झुकते, आणि आजोबा एके दिवशीं चाळिशीवांचून वर्तमानपत्र वाचूं लागतात. घरांत आनंद होतो. पिस्तूलवाल्यास तर हातभर अंतरावरची माशी कांहीं काळ पूर्वींपेक्षां बरी दिसूं शकते, आणि शस्त्रक्रिया लांबविण्यास आयतें कारण मिळतें. पण हें सुख उसनें आहे. गढूळपणा वाढतच जातो, भिंग कठीण होत जातें, आणि फार कठीण झालेलें भिंग काढणें शस्त्रवैद्यासही अधिक कष्टाचें होतें. कांहीं महिने थांबल्यानें सहसा बिघडत नाहीं, हें खरें. परंतु वर्षानुवर्षें थांबण्यांत लाभ कांहींच नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत या शस्त्रक्रियेचें चित्र आजोबा-पणजोबांच्या वेळचें आहे. डोक्याच्या दोहों बाजूंस वाळूच्या पिशव्या, दिवसेंदिवस उताणें पडून राहणें, आणि शेवटीं बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा! तें चित्र आतां पुसून टाकावें. सुश्रुतसंहितेंत लिंगनाशावरील शस्त्रकर्माचें वर्णन आहे. त्यांत गढूळ भाग डोळ्यांतल्या डोळ्यांत बाजूस सारीत. फ्रान्समधील झाक दाव्हिएल यानें १७४७ सालीं तें भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धति पाडली. पण काढलेल्या भिंगाच्या जागीं कांहींच न घातल्यामुळें जाड चष्म्यावांचून गति नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे शिरले, तरी डोळा ते मुकाट्यानें सोसतो, हें हॅरोल्ड रिडले या इंग्रज शस्त्रवैद्याच्या ध्यानांत आलें. आणि त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग त्यानें २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. त्या पहिल्या भिंगाची शक्ति इतकी चुकली कीं त्या रुग्णास पुढेंही मोठ्या नंबराचा चष्मा लागला. तरी वाट सांपडली. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केल्मन यानें, दंतवैद्याच्या दांत साफ करण्याच्या उपकरणावरून सुचून, ध्वनिकंपांनीं भिंग फोडून शोषून घेण्याची युक्ति काढली. आज दोन-तीन मिलीमीटरच्या छेदांतून हें काम होतें. बहुधा डोळ्यांत थेंब घालूनच बधिरता आणतात, घडी घातलेलें भिंग आंत सोडून उलगडतात, आणि रुग्ण त्याच दिवशीं घरीं येतो.

आतां मुद्द्याची गोष्ट. नवें भिंग फुगत नाहीं कीं चपटें होत नाहीं. साधें एककेंद्री भिंग एका ठराविक अंतरावरचेंच स्वच्छ दाखवितें. तें अंतर कोणतें असावें, हें आधीं ठरवावें लागतें, आणि एकदां बसविलेलें भिंग सहज बदलतां येत नाहीं. डोळ्याची लांबी व बुबुळाची वक्रता मोजून शस्त्रवैद्य शक्तीचा हिशेब करितात. पण हा रुग्ण कशासाठीं पाहतो, हें कोणत्याही यंत्रास मोजतां येत नाहीं. तें रुग्णानेंच सांगितलें पाहिजे.

मुलगे ज्या भारी भिंगाची गोष्ट काढतात तें बहुधा बहुकेंद्री असावें. तें डोळ्यांत येणारा प्रकाश वांटून कांहीं दूरच्या, कांहीं जवळच्या अंतरास देतें. चष्म्याचा कंटाळा असलेल्या माणसास तें मोठ्या सोईचें होतें, यांत संशय नाहीं. परंतु वांटणी झाली म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास कमी येतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस निराळें सांगावयास नको. काळ्या-पांढऱ्यांतील भेद किंचित् मंदावतो, आणि दिव्यांभोंवतीं कडीं दिसूं शकतात. वर्तमानपत्र वाचणाऱ्यास जें जाणवणारही नाहीं, तें माशीच्या कडेकडे टक लावून पाहणाऱ्यास सलेल. म्हणून अशा खेळाडूच्या बाबतींत एककेंद्री भिंगाचा विचार आधीं व्हावा, आणि बुबुळाची वक्रता वांकडी असेल तर ती सुधारणाऱ्या एककेंद्री भिंगाचा. मुलांचें प्रेम खरें आहे. पण किंमत हें प्रेमाचें माप असलें तरी डोळ्याचें माप नव्हे.

केंद्र कोठें ठेवावें, याचा हिशेब घरींही करतां येतो. भिंगाची शक्ति डायॉप्टरमध्यें मोजतात. एकास मीटरांतील अंतरानें भागलें कीं ती निघते. लांब केलेल्या हातांतील पिस्तुलाची माशी डोळ्यापासून सुमारें एक मीटरवर असते, म्हणजे तिला एक डायॉप्टर पाहिजे. लक्ष्य दहा मीटरांवर, त्यास एक दशांश पुरे. दूरचें स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यापुढें पाऊण डायॉप्टरचें भिंग धरलें, तर माशी फक्त पाव डायॉप्टरनें चुकते, आणि लक्ष्य सुमारें दोन तृतीयांशानें. अर्धा डायॉप्टर धरलें तर चूक दोहोंकडे जवळजवळ सारखी वांटली जाते. म्हणून नेमबाज आपल्या दूरच्या नंबरावर अर्धा ते पाऊण डायॉप्टर चढवून नेमाचा निराळा चष्मा करून घेतात. त्यास नेमाच्या डोळ्यापुढें एकच गोल भिंग असतें. दुसऱ्या डोळ्यापुढें झांपड. भिंगापुढें लहानमोठें करतां येणारें बारीक छिद्र बसविलें, तर माशी व लक्ष्य दोन्ही अधिक रेखीव होतात. सुईच्या छिद्रांतून पाहिल्यास अक्षर स्पष्ट दिसतें, तेंच हें तत्त्व.

यावरून आमचें मत असें कीं, डोळ्यांतलें भिंग सबंध आयुष्यासाठीं निवडावें आणि खेळाची गरज चष्म्यावर सोंपवावी. रस्ता ओलांडणें, देवळाच्या पायऱ्या उतरणें, नातवंडांचीं तोंडें ओळखणें हीं कामें रोजचीं आहेत. नेम आठवड्यांतून दोनदां. शिवाय चष्म्याचें भिंग दहा वेळां बदलून पाहतां येतें. अखेरचा निर्णय अर्थातच शस्त्रवैद्य व मामंजी यांनीं मिळून करावयाचा आहे.

त्यासाठीं मामंजींनीं पुढील तयारी करावी. रिकामें पिस्तूल घेऊन नेहमींच्या पवित्र्यांत उभें राहावें आणि डोळ्यापासून माशीपर्यंतचें अंतर फितीनें दुसऱ्याकडून मोजवून घ्यावें. हें काम क्लबांतच, तेथील नियम पाळून करावें. तें अंतर, लक्ष्याचें अंतर, नेमाचा डोळा कोणता, आणि सध्यांचा नेमाचा चष्मा कोणत्या नंबराचा, हें एका कागदावर लिहून तो कागद व तो चष्मा दवाखान्यांत न्यावा. ‘मी नेमबाज आहें’ हें लाजून शेवटीं दारांत न सांगतां, बसल्याबरोबर सांगावें. गेल्या सहा महिन्यांतील गुणांची वही असेल तर तीही संभाळून ठेवावी. पुढें तुलनेस उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींनीं ध्यानांत धरावी. या वयाच्या पुष्कळ पुरुषांस पौरुषग्रंथि वाढल्यामुळें लघवीच्या तक्रारीवर टॅम्सुलोसिन नांवाचें औषध चालू असतें. त्यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं डोळ्यांतील रंगीत पडदा सैल पडून काम अवघड होऊं शकतें, आणि औषध थोडे दिवस थांबविलें तरी हा परिणाम जातोच असें नाहीं. आधीं कळलें तर शस्त्रवैद्य तयारीनें बसतात. तेव्हां पूर्वीं घेतलेलें व चालू असलेलें प्रत्येक औषध त्यांस सांगावें. आपल्या मनानें बंद मात्र करूं नये. मधुमेह असल्यास तोही आधीं आटोक्यांत आणावा.

शस्त्रक्रियेनंतर थेंब वेळच्या वेळीं घालणें, डोळा न चोळणें, त्यांत पाणी न जाऊं देणें आणि ओझें न उचलणें, एवढा संयम कांहीं आठवडे पाळावा. नंबर स्थिर होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात; तोंपर्यंत नेमाचा नवा चष्मा करण्याची घाई नको. पिस्तूल पुन्हां केव्हां उचलावें, हें डॉक्टरांसच विचारावें. जंतूंचा संसर्ग किंवा आंतला पडदा सुटणें असे प्रकार क्वचित् घडतात. पण दुखूं लागलें, लाली वाढली, नजर झपाट्यानें मंदावली, विजेसारख्या रेषा चमकल्या किंवा बाजूनें पडदा आल्यासारखा वाटला, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच घटकेस दवाखाना गांठावा. पुढें कित्येक महिन्यांनीं अगर वर्षांनीं भिंगामागील पातळ पापुद्रा कधीं कधीं गढूळ होतो. त्यावर लेसरनें थोड्या मिनिटांत उपाय होतो. तो परत आलेला मोतीबिंदु नव्हे.

रंगही बदलून दिसतील. प्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ सालीं झाली, तेव्हां रंग पालटलेले पाहून तो कित्येक दिवस त्रासून गेला होता. पुढें रंगीत कांचांच्या चष्म्यानें त्याचें बस्तान बसलें. पिवळें झालेलें भिंग निघून गेल्यावर कागद अधिक पांढरा, किंबहुना निळसर वाटतो. नेमबाजास आरंभीं तें डोळ्यांत भरतें. त्यास कांहीं दिवसांची संवय किंवा फिक्या रंगाची कांच, हा उपाय आहे.

इतकें करूनही पूर्वींचे गुण परत मिळतीलच, असें वचन कोणी देऊं शकणार नाहीं. आम्हीही देत नाहीं. पण नजर म्हणजेच नेम नव्हे. कोरियाचा तिरंदाज इम डाँग-ह्यून याच्या डाव्या डोळ्याची नजर आपल्याकडील मोजणीनें ६/६० इतकी अधू होती. तरी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकांत त्यानें ७२ बाणांत ७२० पैकीं ६९९ गुण मिळवून जागतिक विक्रम केला. हंगेरीच्या सैन्यांतील कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ सालीं हातबॉम्बनें निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें पिस्तूल धरण्याचा अभ्यास केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत सुवर्णपदक जिंकलें. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यानें १९२० सालीं ॲन्टवर्प येथें नेमबाजींत रौप्यपदकाचा वांटा मिळविला, तेव्हां तो ७२ वर्षांचा होता. मामंजी त्याहून सहा वर्षांनीं लहान आहेत. तीस वर्षांत मनगटांत, श्वासांत आणि घोडा दाबणाऱ्या बोटांत जें साठलें आहे, तें भिंगाबरोबर कोणी काढून नेत नाहीं.

राहतां राहिला सासूबाईंचा आक्षेप. त्यांचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं. पतीच्या जिवाची काळजी त्या त्यांच्या परीनें करीत आहेत. परंतु त्यांनीं एकदां क्लबांत जाऊन मामंजींचें एक तासाचें काम पाहावें. श्वास अर्ध्यावर रोखून, सारें चित्त एका टिंबावर आणून, मग बोट हालवावयाचें, आणि हें साठ वेळां! चातुर्मासांतील कोणत्याही नेमास याहून निराळी एकाग्रता लागते असें आम्हांस वाटत नाहीं. निवृत्त माणसास घरांत मान असतो, पण काम नसतें. आपण कशांत तरी अजून निपुण आहों, ही जाणीव त्यास ताठ चालवितें. ती काढून घेऊन त्या जागीं दुसऱ्यानें निवडलेली जपमाळ दिली, तर ती ओढली जाईल. जपली जाईल कीं नाहीं, सांगवत नाहीं.

म्हणून, भगिनी, मामंजींस असें सांगा. शस्त्रक्रिया टाळल्यानें माशी वांचणार नाहीं. ती रोज थोडी थोडी जातच आहे. शस्त्रक्रियेनें ती परत मिळण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि योग्य चष्म्यानें तो वाढवितां येतो. भिंग कोणतें, हें मुलांनीं ठरवूं नये, आम्हीही ठरवूं नये. त्यांनीं स्वतः डॉक्टरांसमोर बसून ठरवावें, आणि मुलांनीं शेजारीं बसून ऐकावें. आणि त्यांनीं मनांतलें भय बोलून दाखविलें तें तुमच्यापाशीं, तेव्हां अंतर मोजावयाची फीत धरण्यासही तुम्हींच जावें, हें बरें.